आधी हाड हातात घे
मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आलीस ना, मग लगेच २०६ हाडांची नावं घोकत बसू नकोस. हाड हातात घे. क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड; त्याचं जाड टोक छातीकडचं, चपटं खांद्याकडचं. तेच स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवून शोध. अंगठा ताणून वर केलास की मनगटाशी खळगा पडतो, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड, मनगटातलं एक छोटं हाड. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने येतं, म्हणून ते मधोमध मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळायला फार वेळ घेतो. हे मला अजूनही विलक्षण वाटतं! डिसेक्शन, म्हणजे मृतदेह उघडून शिकायचा तास, अजिबात बुडवू नकोस. तो देह कुणीतरी आपल्यासाठी दान केलाय. फिजिऑलॉजीला, म्हणजे शरीर चालतं कसं त्या विषयाला, हृदयापासून सुरुवात कर: कोऱ्या कागदावर चार कप्पे, झडपा, रक्ताची वाट बाणांनी, पुस्तक मिटून.