दवाखान्याची भीती गेली नाही, तरी दुसऱ्याला धीर देता येईल का?

प्रश्न : दादा, मी गे आहे, वय २९. चार वर्षांपूर्वी चेकअपला गेलो होतो, डॉक्टरांनी विचारलं म्हणून खरं ते सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले लग्न कर, सगळं ठीक होईल. त्यानंतर तीन वर्षं दवाखान्याची पायरी चढलो नाही. शेवटी एका पिअर हेल्थ कोचने, म्हणजे आपल्यातल्याच, आरोग्याची माहिती आणि धीर देणाऱ्या माणसाने समजावलं आणि सोबत येऊन टेस्ट करून घेतली. आता मलाही हेच काम करायचंय, पण शिक्षण मेडिकलचं नाही आणि तो दिवस आठवला की अजून हातपाय गार पडतात. जमेल का?

उत्तर : जमेल रे. आधी ते लग्नाचं मनातून काढून टाक, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० ला काढली, म्हणजे तुला बोलले ते तेव्हाही चुकीचंच होतं.

मेडिकल डिग्री लागत नाही, कारण औषध देणं आपलं कामच नाही. पण माहिती पक्की हवी. कोणी घाबरून रात्री फोन केला की काल रिस्क झाली, तर त्याला पेप (एचआयव्हीची रिस्क झाल्यावर संसर्ग टाळायला घेतात ते औषध) ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं हे तुला झोपेतही सांगता आलं पाहिजे, आणि जितकं लवकर तितकं बरं, सकाळपर्यंत थांबू नको म्हणायचं. एचआयव्ही टेस्टचंही तसंच, शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये करतात त्या अँटिजन-अँटिबॉडी टेस्टला संसर्ग दिसायला १८ ते ४५ दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर कोणी निर्धास्त होऊ नये. आणि एचआयव्ही असलेला माणूस रोज गोळी घेऊन व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तातला विषाणू टेस्टमध्ये दिसणार नाही इतका कमी, ठेवत असेल तर सेक्समधून त्याच्याकडून एचआयव्ही पसरत नाही, हे ऐकून मी लोकांना रडताना बघितलंय.

पण खरं काम ऐकण्याचं आहे. मी सुरुवातीला समोरचा बसला की स्वतःचीच कहाणी सुरू करायचो, वाटायचं त्याला आधार मिळेल. एकदा एक मुलगा तीनदा एकच विचारत होता, रिपोर्ट घरी कळेल का, आणि मी आपला टेस्ट कशी करतात ते सांगत बसलो, तो पुन्हा आलाच नाही. ते अजून टोचतं मला. आता मी पहिलं वाक्य हेच बोलतो की इथलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, आणि मग गप्प बसतो.

तुझे हातपाय गार पडतात त्याची लाज नको वाटून घेऊ, दारात कचरणारा माणूस तुला लांबूनच ओळखू येईल. फक्त ती जखम त्याच्यासमोर उघडायची नाही, त्यासाठी आधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन ये, मीही गेलो होतो. आणि ट्रेनिंगला गेलास की पहिल्याच दिवशी विचार, एखादी केस जड गेली तर मी कोणाशी बोलायचं? तिथे कोणाकडेच याचं उत्तर नसेल तर दुसरी जागा शोध.