आजारी असूनही साहेबांना थाप वाटते, व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायला सांगतात. काय करावं?

प्रश्न वाचून आधी फोन बाजूला ठेवला होता. कुकर लावला, तिसऱ्या शिट्टीला परत हातात घेतला. तुम्हाला व्हायरल तापाने तीन दिवस झोपवलं आणि साहेब म्हणतात व्हिडिओ कॉल कर, बघू दे. तुमचं नशीब थोर. माझ्या साहेबांनी माणूस पाठवला होता.

साल २०१९. मी तेव्हा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत डिस्पॅचला होते. राहायला सिडकोत, पवननगरच्या बाजूला. त्या वर्षी गणपती सोमवारी बसले. रात्री आरतीला टाळ वाजवता वाजवताच अंग कापायला लागलं आणि डोळ्यांच्या मागे असं दुखायला लागलं की मान वळवायची भीती. मंगळवारी सकाळी सातला साहेबांना मेसेज टाकला: रात्रीपासून १०३ ताप आहे, आज येऊ शकत नाही, चलनं टेबलाच्या डाव्या खणात आहेत. उत्तर एका ओळीत आलं. "गौरी कधी आहेत यंदा?"

गौरी गुरुवारी येणार होत्या. साहेबांचा हिशोब तयार होता: बाईमाणूस, घरात गौरी, म्हणजे ताप मंगळवारीच येणार. आमच्याकडे दरवर्षी गौरी येतात आणि दरवर्षी मी फक्त पूजनाची एक रजा टाकते, तीही महिनाभर आधी अर्ज देऊन. पण ते कोण बघतंय.

बुधवारी रक्त दिलं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख १२ हजार. दीड लाखाच्या खाली गेल्या की डॉक्टर भुवई उचलतात. पॅरासिटामॉलशिवाय अंगदुखीची कुठलीही गोळी घ्यायची नाही, पाणी पीत राहायचं आणि रोज रक्त तपासायचं, एवढंच औषध. नणंदेने पपईच्या पानांचा रस आणला, शेजारच्या काकू शेळीच्या दुधाच्या शोधात पार पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आल्या. रिपोर्टचा फोटो साहेबांना पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या, बाकी शब्द नाही.

शुक्रवारी गौरीपूजन आणि त्याच दिवशी सकाळी माझा ताप उतरला. ज्यांना डेंग्यू झाला नाही त्यांना इथेच फसायला होतं. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे माणूस सुटला असं नसतं. उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर घड्याळ न बघता ॲडमिट व्हायचं. त्या सकाळी माझ्या प्लेटलेट ५२ हजारांवर होत्या. सासूबाई म्हणाल्या, दोन मिनिटं गौरींपुढे उभी राहून नमस्कार तेवढा कर. त्यांनीच माझे केस विंचरले, गजरा माळला. गाऊनवर ओढणी घेऊन मी उभी राहिले, नमस्कार केला आणि सोफ्यावर येऊन पडले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात ऑफिसचे मामा. आमच्या प्यूनला सगळे मामाच म्हणायचे. माझ्याआधी दहा वर्षांपासून कंपनीत. "साहेब म्हणाले तब्येत बघून या," असं त्यांनी चपलांकडे बघत सांगितलं. घरात सोळा भाज्यांचा आणि पुरणाचा वास. सासूबाईंचे हात पुरणात, नवरा फुलं आणायला गेलेला. सणाच्या दिवशी उन्हातून आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने कसं परत पाठवायचं? मी उठले आणि ओट्याला धरून चहा टाकला. आलं किसायला हात चालेना, म्हटलं मामा, आज बिनआल्याचा घ्या. कप देताना हात थरथरला, अर्धा चहा बशीत सांडला. मामांनी काही न बोलता आधी बशीतला पिऊन टाकला, मग कपातला.

बारा दिवसांनी डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट घेऊन कामावर गेले तर टेबलावर कागद. खुलासा मागितलेला. त्यातली ओळ मला अजून पाठ आहे: "आजारपणाच्या काळात आपण घरगुती सणसमारंभात सहभागी असल्याचे व स्वतः पाहुण्यांना चहा देत असल्याचे आढळून आले." पाहुणे म्हणजे मामा! गजऱ्याचाही उल्लेख होता. मामांना साहेबांनी विचारलं, मॅडम काय करत होत्या, आणि मामा बिचारे खोटं बोलणारातले नाहीत. चहा दिला म्हणाले. चहा कसा दिला ते कुणी विचारलंच नाही.

याच साहेबांचं सांगते. त्याच वर्षी ४ ऑगस्टला गोदेला मोठा पूर आला होता, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेलेला. साहेब राहायला पंचवटीत. दोन दिवस आले नाहीत, फोनवर म्हणाले निघताच येत नाही. आम्ही सगळे म्हणालो, साहेब काळजी घ्या. मामांना पंचवटीत बघायला कुणी पाठवलं नाही.

आता पैशांचं, कारण तुम्ही "पगार कापतील का" असंही विचारलंय. माझा पगार तेव्हा १८,५००. म्हणजे २१,००० च्या आत, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू. जूनच्या स्लिपवर ईएसआयचे ३२४ रुपये कापलेले, जुलैपासून कपातीचा दर पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आला म्हणून १३९. दर महिन्याला कापून घेत होते, पण त्याचा उपयोग काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. आजारपणात ईएसआय सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम देतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस साधारणपणे मिळत नाहीत आणि आधीच्या ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. माझी भरलेली होती. पण मी गेले घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे आणि त्याच्या चिठ्ठीवर ते पैसे सहसा मिळत नाहीत, ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. ताप आल्या दिवशीच ईएसआय दवाखान्यात नाव नोंदवायला हवं होतं. १०३ तापात मला सातपूरला रांगेत उभं राहायचं सुचलं नाही, चूक माझी. शिल्लक पीएल, म्हणजे साठलेल्या पगारी रजा, होत्या, त्या साहेबांनी मंजूर केल्या नाहीत. म्हणाले, पीएल आधी सांगून घ्यायची असते. डेंग्यूच्या डासाने मला आधी सांगितलं नव्हतं. बारा दिवसांचा पगार गेला.

हे सगळं मला नंतर माझ्या भावाने सांगितलं. तो सातपूरला एका कंपनीत एचआरला आहे. तोच म्हणाला, तू ईएसआयचा सिक बेनिफिट घेत असतीस तर कायद्याच्या ७३ कलमाखाली त्या काळात त्यांना तुला काढता किंवा शिक्षा करता आली नसती. आणि त्याच श्वासात म्हणाला, "पण ताई, साहेबांचं चुकलं असं नाही हं. आम्हीही माणूस पाठवतो. पन्नास-शंभर रुपयांत सर्टिफिकेट मिळतं, मग काय करायचं?"

तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की आमचा हा वाद सुरू होतो. वहिनी ताट उचलून आत जाते. माझं म्हणणं सोपं आहे. सर्टिफिकेटचा संशय असेल तर डॉक्टरला विचार. त्यावर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो खरा आहे का बघ. सरकारी नोकरीत वरिष्ठांना शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जाच्या डॉक्टरचं दुसरं मत घेता येतं. ईएसआयमध्येही फेरतपासणीसाठी मेडिकल रेफरी असतो. म्हणजे संशयाला वाट आहे आणि ती डॉक्टरकडे जाते. प्यूनला प्लेटलेट मोजता येतात का? तो घरी येऊन बघणार काय? माणूस उभा आहे की आडवा. डेंग्यूचा माणूस उभा राहू शकतो आणि रात्री आयसीयूत जाऊ शकतो. भाऊ म्हणतो, सगळ्यांना डेंग्यू नसतो. मी म्हणते, मग ज्याला असतो त्याच्या घरी तरी पाठवू नको. इथून पुढे आम्ही दोघंही आवाज चढवतो आणि आई टीव्ही मोठा करते.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भाऊ हे वाचून खाली लिहील. २०१७ मध्ये मी जुलाब झाल्याचं सांगून सिन्नरला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. तिने फेसबुकवर फोटो टाकून मला टॅग केलं आणि साहेबांनी तो बघितला. तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दोन वर्षं मनात ठेवलं. म्हणजे संशय अगदीच हवेतून आला नव्हता, हे मी मान्य करते. पण एकदा साखरपुड्याला गेले म्हणून पुढचा प्रत्येक ताप साखरपुडाच का? भावाकडे याचं उत्तर नाही. तो फक्त हसतो.

तर तुमच्यासाठी. पहिल्याच दिवशी, कामाची वेळ सुरू व्हायच्या आत, मेसेज आणि मेल दोन्ही करा. दोन ओळी पुरे, आजाराचं वर्णन करत बसू नका. जितकं जास्त सांगाल तितकं रचलेलं वाटतं. पगार २१ हजारांच्या आत असेल तर आधी ईएसआयचा डॉक्टर, मग घरचा. सर्टिफिकेटवर तारखा आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना ते दवाखान्यातच बघून घ्या. सगळे रिपोर्ट साहेबांना पाठवायची गरज नाही असं माझं मत. मी पाठवले, काय मिळालं? तुम्ही कॉलेज रोडच्या ऑफिसात आहात म्हणता, तर तिथे वीस किंवा जास्त माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी मिळतात. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही, ती तुमच्या कंपनीच्या नियमात आहे का ते नेमणूकपत्रात शोधा. खुलासा मागितलाच तर लेखी द्या, तारीखवार, आणि पोच घ्या. मी दिला होता. त्यावर पुढे काहीच झालं नाही, फक्त त्या वर्षीची इन्क्रिमेंट आली नाही, आणि त्याचं कारण कुणी कागदावर लिहून दिलं नाही.

ईएसआयचं वर जे सांगितलं ते २०१९ चं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यामुळे ७३ कलम म्हणून साहेबांपुढे छाती काढण्याआधी आताचा नियम विचारून घ्या.

कुणी घरी बघायला आलंच तर उठू नका. चहा घरातलं दुसरं कुणीतरी करेल, नाही केला तरी चालेल.

व्हिडिओ कॉलचं राहिलंच. मी असते तर उचलला नसता. पण प्रोबेशनवर असाल तर उचला, आणि केस विंचरू नका.