आधी क्रेटमधला आकडा, मग एमएमओजीची शीट

रामराम भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे आणि माल चाकणच्या टियर-१ (वाहन कंपनीला थेट पुरवठा करणाऱ्या) कंपनीला जातो. लेबल चुकलं, संख्या कमी भरली, एएसएन (माल निघाल्याची ग्राहकाला जाणारी आगाऊ ऑनलाइन सूचना) उशिरा आला, अशा तीन कारणांनी दर महिन्याला डेबिट नोटा (बिलातून पैसे कापल्याच्या नोटा) येतात. त्यातच ग्राहकाने सहा आठवड्यांत एमएमओजी/एलईचं (माल-नियोजन आणि पुरवठ्याच्या कामाची प्रश्नावली) स्व-मूल्यांकन भरून मागितलंय आणि किमान 'बी' श्रेणी हवी म्हणतात. हाताशी टॅली आणि एक्सेल एवढंच आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारता.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. क्रेटमधले नग, लेबलवरचा आकडा, एएसएनमधला आकडा आणि बिलावरचा आकडा हे चारही एक होईपर्यंत कोणतीही प्रणाली चुकीचाच आकडा वेगाने पुढे ढकलेल. तुमच्या तिन्ही तक्रारी याच एका गाठीतून निघालेल्या दिसतात. त्यामुळे सुरुवात मोजणीपासून करा.

तुमचा नग १८.४ ग्रॅमचा आहे आणि क्रेटमध्ये ६०० नग जातात, म्हणजे माल साधारण ११ किलो आणि क्रेटसकट १३ किलोच्या आत. मोजणी काट्यावर होते. काट्याचा बारकावा ५ ग्रॅमचा असेल आणि नमुन्याला १० नग ठेवून सरासरी काढत असाल, तर नमुन्याच्या वजनातच अडीच ग्रॅमचा फरक लपतो. तो १.३ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे ६०० नगांत ८ नग इकडे किंवा तिकडे. माणसाने चूक न करताही क्रेट कमी भरतो तो असा. नमुना १०० नगांचा घ्या, हाच फरक एका नगाच्या आत येतो. नमुना घेताना सगळ्या कॅव्हिटींचे (साच्यातल्या खाचांचे) नग सारख्या संख्येने मिसळा, कारण एकाच साच्यातल्या दोन कॅव्हिटींच्या वजनात फरक असतो. प्लास्टिकचा ग्रेड किंवा रिग्राइंडचं (दळून पुन्हा वापरलेल्या प्लास्टिकचं) प्रमाण बदललं की नमुना नव्याने घ्यायचा. दुसरी खोट रिकाम्या क्रेटच्या वजनात असते. धुऊन नीट न वाळलेल्या क्रेटमध्ये ४० ग्रॅम पाणी राहिलं तरी काटा दोन नग जास्त दाखवतो आणि ग्राहकाकडे दोन नग कमी पोहोचतात. म्हणून प्रत्येक क्रेट रिकामा ठेवून काटा शून्य करा. सगळ्या क्रेटना एकच ठरीव वजन लावू नका.

याहून पक्का मार्ग म्हणजे कप्प्यांचा ट्रे. रिकामा राहिलेला कप्पा डोळ्याला दिसतो, तिथे काट्याची गरजच उरत नाही. नग ट्रेत बसत नसेल तर क्रेटची संख्या कॅव्हिटीच्या पटीत ठेवा. आठ कॅव्हिटीचा साचा असेल तर ७५ शॉटचे (साचा एकदा भरला की एक शॉट) बरोबर ६०० होतात. मात्र शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला नग) बाजूला काढला की त्याची नोंद तिथल्या तिथे झाली पाहिजे, नाहीतर शॉटचा हिशेबही फसवतो.

आता लेबल. रिकामे क्रेट परत येतात ते ठिकाण एकदा स्वतः पाहा. क्रेटच्या तोंडाला जुन्या लेबलांचे तीन-चार थर असतात, वरचं अर्धवट सोललेलं, खालच्याचा बारकोड शाबूत. ग्राहकाचा स्कॅनर त्यातला जो आधी दिसेल तो वाचतो आणि नोंद 'भलताच माल' अशी पडते. क्रेटला लेबलाचा खिसा लावून घ्या आणि कार्ड सरकवा. चिकटवायचंच असेल तर सहज निघणाऱ्या गोंदाचं लेबल वापरा, आणि क्रेट धुतानाच जुनं काढणं हे एका माणसाचं ठरलेलं काम करा.

आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार लेबल घेताना कोणी करत नाही. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या बंद गाडीत छताजवळ तो बराच वर चढतो. डायरेक्ट थर्मल कागदावर छापलेलं लेबल उष्णतेनेच काळं पडतं. इथून स्वच्छ निघालेला बारकोड चाकणला करडा होऊन पोहोचतो आणि वाचला जात नाही. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि वॅक्स-रेझिन रिबन वापरा. नुसत्या वॅक्सची छपाई क्रेट एकमेकांवर घासले की पुसली जाते.

लेबलावर काय असावं ते ग्राहकाच्या लॉजिस्टिक मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. ओडेट (युरोपातल्या वाहन उद्योगाची संस्था) पद्धतीत पार्ट नंबरच्या बारकोडआधी पी, संख्येआधी क्यू, पुरवठादार कोडआधी व्ही आणि लेबलाच्या अनुक्रमांकाआधी एस अशी ओळख-अक्षरं असतात. ही अक्षरं बारकोडच्या आत असतात, पार्ट नंबरचा भाग म्हणून छापायची नसतात. तिथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पार्ट नंबरमध्ये एक जागा सुटली किंवा रिव्हिजनचं अक्षर जुनं राहिलं तरी सिस्टीम तो वेगळा नग समजते. अनुक्रमांक वर्षभरात पुन्हा येता कामा नये. एक्सेलची फाइल रोज सकाळी नव्याने उघडून एकपासून सुरू करत असाल तर तो दोष आजच काढा.

एएसएनकडे येऊ. बहुतेक छोट्या युनिटमध्ये बिल आधी बनतं, बिलावरून एएसएन पोर्टलवर चढतो आणि नंतर गाडी भरली जाते. गाडीत दोन क्रेट बसले नाहीत, किंवा शेवटच्या क्षणी एक क्रेट क्वालिटीने अडवला, की एएसएन खोटा ठरतो. क्रम उलटा करा. गाडीत चढणारा प्रत्येक क्रेट दारात स्कॅन करा. त्या यादीवरून बिल, बिलाबरोबर ई-वे बिल, आणि गाडी गेटबाहेर पडताच एएसएन. यासाठी कीबोर्डसारखा चालणारा साधा हँडहेल्ड स्कॅनर आणि एक एक्सेल शीट पुरते. शीटमध्ये दोन तपासण्या घाला. तोच अनुक्रमांक पुन्हा आला तर रकाना लाल, आणि पार्टनिहाय बेरीज त्या दिवसाच्या मागणीशी जुळली नाही तर शीट पुढे जाऊ न देणं. एएसएन पाठवायची जबाबदारी शिफ्टच्या एका माणसावर आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्यावर, दोघांची नावं भिंतीवर. अकाउंटंट संध्याकाळी सहाला घरी जातो आणि गाडी रात्री नऊला निघते, उशिराच्या एएसएनमागे बहुधा एवढंच असतं.

ती स्कॅनची फाइल तारखेप्रमाणे जपून ठेवा. पुढच्या वेळी 'तीन क्रेट कमी' अशी डेबिट नोट आली तर क्रेटचे अनुक्रमांक समोर ठेवता येतात. आक्षेप घ्यायची मुदत करारात दिलेली असते. ती उलटली की पुरावा असून उपयोग नाही.

ग्राहकाच्या मागणीपत्रकातला क्यूम नीट समजून घ्या, कारण जास्तीचा माल पाठवणं आणि ग्राहकाची लाइन थांबवणं या दोन्ही चुका तिथूनच होतात. क्यूम म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकत्रित संख्या. समजा शनिवारपर्यंत ४,८०,००० नग हवेत आणि ग्राहकाच्या नोंदीत ४,४४,००० जमा आहेत. फरक ३६,००० दिसतो. पण शेवटचं जमा बिल कोणतं, हे त्याच पत्रकात लिहिलेलं असतं. त्यानंतरच्या तुमच्या दोन खेपा, प्रत्येकी १२,००० च्या, एक रस्त्यावर आणि एक त्यांच्या गेटवर नोंदीच्या रांगेत. म्हणजे खरी गरज १२,००० ची. वाटेतला माल वजा न करणारा ३६,००० पाठवतो, मग 'मागणी नसताना माल आला' म्हणून तो परत येतो आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या माथी. नाकारलेले नग क्यूममधून वजा होतात की नाही, हे ग्राहकागणिक वेगळं असतं. ते ईमेलवर लेखी घ्या आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडचा क्यूम जुळवा.

परतीच्या क्रेटांचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. रोजचे ६,००० नग म्हणजे १० क्रेट. भरायला १ दिवस, तयार माल ३, रस्ता १, ग्राहकाकडे २, रिकामे साचून निघेपर्यंत ३, परतीचा रस्ता १, धुणं-वाळवणं १, असे एकूण १२ दिवस. म्हणून १२० क्रेट फिरते हवेत, आणि मोडतोडीला १० टक्के धरून १३२. ग्राहकाने ८० दिले असतील तर दर १२ दिवसांतल्या ४ दिवसांचा माल पुठ्ठ्याच्या खोक्यात जाणार, आणि 'पॅकेजिंग चुकलं' ही चौथी डेबिट नोट सुरू होणार. हे गणित त्यांच्या पॅकेजिंग विभागाला पाठवा आणि पर्यायी पॅकेजिंगची लेखी मंजुरी आधीच घेऊन ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन बसतो. सर्वात खालच्या खोक्यावर किती थर चढवायचे तेही त्या मंजुरीत लिहून घ्या. क्रेट जाताना आणि येताना दोन्हीकडे चलानावर संख्या हवी, नाहीतर वर्षाअखेरी हरवलेल्या क्रेटांचं बिल तुम्हालाच येतं.

रस्त्याचा भाग आपल्याकडे वरवर घेण्यासारखा नाही. चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात ऑगस्ट २०२१ मध्ये दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, आणि २०२३ पासून तिथून जड वाहनांना बंदी आहे. जळगावहून चाकणला साधारण ४०० किलोमीटर पडतात. एक वाट पहूर, अजिंठा, सिल्लोडवरून छत्रपती संभाजीनगर आणि पुढे अहिल्यानगर. दुसरी धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव. तिसरी धुळ्याहून चांदवड, नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशी थेट चाकणवर उतरणारी. तिन्ही वाटांचे तास आणि भाडं एका पानावर लिहा, एखादी वाट बंद झाली तर निर्णय कोण घेणार आणि ग्राहकाकडे कोणाला फोन करणार ते लिहा. आयएटीएफ १६९४९ ला (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) आणीबाणीची योजना लागते, तिचा वर्षातून एकदा तरी आढावा लागतो आणि ती ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासून पाहिलेली लागते. म्हणजे जुलैत एक खेप मुद्दाम तिसऱ्या वाटेने पाठवा आणि लागलेला वेळ नोंदवा, तोच पुरावा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. लांबच्या वाटेने अंतर ४०० च्या वर गेलं तर दिवस वाढतो, आणि वाटेत गाडी बदलली तर भाग-बी मध्ये नवा गाडी नंबर भरल्याशिवाय पुढे निघू नये. तातडीने वेगळी गाडी करावी लागली तर ते जादा भाडं कारणासह वेगळ्या नोंदीत टाका. प्रीमियम फ्रेटच्या (अशा जादा भाड्याच्या) घटनांवर लक्ष ठेवणं याच मानकाने बंधनकारक केलंय.

क्षमतेचं नियोजन करताना कॅलेंडर आपलं वापरा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माणसं गावी जातात, पोळ्याला जातात, आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला घरची माणसं लागतात तेव्हा हजेरी घटते. रावेर-यावलकडे केळीची भरती जोरात असली की ट्रक मिळणं अवघड होतं. ग्राहकाच्या कॅलेंडरमध्ये यातलं काहीच नसतं. आखाजीच्या तीन आठवडे आधीपासून रोज थोडा जादा माल बनवून चार दिवसांचा साठा उभा करा. जादा साठा केला की आधी बनलेला आधी जावा म्हणून महिन्यागणिक रंगाची पट्टी लावा, आणि रॅकमध्ये मागून भरणं, पुढून काढणं ठेवा.

आता एमएमओजी/एलईची शीट. ओडेट आणि एआयएजी (अमेरिकेतली तशीच संस्था) या दोन संस्थांनी मिळून बनवलेली ही प्रश्नावली आहे. सहा प्रकरणं आहेत: धोरण आणि सुधारणा, कामाची रचना, क्षमता व उत्पादन नियोजन, ग्राहकाशी जोडणी, उत्पादन व मालावर नियंत्रण, आणि पुरवठादाराशी जोडणी. प्रत्येक निकषाला एफ१, एफ२ किंवा एफ३ असं वजन असतं. एफ३ सर्वात गंभीर. त्यातला एक जरी पूर्ण नसला तरी बाकीचे गुण कितीही असोत, श्रेणी 'सी' होते. म्हणून पहिल्या पानापासून भरत बसू नका. आधी सगळे एफ३ गाळून वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे पुराव्याच्या फाइलचं नाव लिहा. वर सांगितलेली स्कॅनची यादी, क्यूम जुळवल्याचे ईमेल, क्रेटांचा हिशेब, वाटांचं पान, क्षमतेची तुलना हे सगळं तिथेच बसतं. सहावं प्रकरण छोटी युनिटं बहुतेक कोरं सोडतात. इन्सर्ट नट देणारा, मास्टरबॅच (रंगाचे दाणे) देणारा, यांनाही तुमच्याकडून आठवड्याचं मागणीपत्रक लेखी गेलं पाहिजे. फोनवर 'दोन बॅगा पाठवा' हा पुरावा होत नाही.

जिथे 'नाही' आहे तिथे 'नाही'च लिहा आणि शेजारी कृती, जबाबदार माणूस आणि तारीख भरा. ग्राहकाचा माणूस पडताळणीला येतो तेव्हा तो शीट बाजूला ठेवून डिस्पॅचच्या दारात उभा राहतो, कोणताही एक क्रेट उचलतो, त्यातले नग मोजतो आणि लेबलाचा अनुक्रमांक तुमच्या यादीत शोधायला सांगतो. हीच तपासणी आजपासून रोज एका क्रेटवर सुपरवायझरकडून करून घ्या आणि निकाल वहीत लिहा. सहा आठवड्यांनी ३० पेक्षा जास्त नोंदी हातात असतील. त्यात चूक सापडलेल्या दिवसांची पानंही तशीच राहू द्या, आणि त्या दिवशी काय दुरुस्त केलं ते खाली लिहा.