इव्हँजेलियनमधले क्रूस: बायबल उघडून बसायची गरज आहे का?

तुमचे प्रश्न दोन. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही अजस्र रोबोंची जपानी ॲनिमेशन मालिका नीट कळायला आधी बायबल वाचावं लागेल का? आणि क्रुसावर खिळलेला तो पांढरा देह पाहून तुमच्या आई बिथरल्या, तर ही मालिका म्हणजे ख्रिस्ती धर्माची टिंगल आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचंही ‘नाही’च, पण त्याला जरा पाल्हाळ लावावं लागेल. तुम्ही शेवटच्या चित्रपटापर्यंत सगळं पाहिलंय, म्हणून कथानक बिनधास्त फोडतोय. बाकीच्यांनी इथूनच मागे फिरावं.

मालिका 1995-96 मधली, 26 भागांची, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. त्यांचे सहायक काझुया त्सुरुमाकी यांनी काही वर्षांनी अमेरिकेतल्या एका प्रश्नोत्तरांत सरळच सांगून टाकलं होतं. जपानमध्ये अजस्र रोबोंच्या मालिका पैशाला पासरी, त्यांत आपली उठून दिसावी म्हणून धार्मिक बाज घेतला. ख्रिस्ती धर्म तिकडे विरळा, तेव्हा तो गूढ वाटेल असा हिशेब. काम करणाऱ्यांत ख्रिस्ती कोणी नव्हतं, ख्रिस्ती असा काही अर्थही त्यात नाही, चिन्हं दिसायला भारी वाटली इतकंच. हे विधान पुढे करून विषय मिटवणारे बरेच भेटतात. मला ते अर्धंच पटतं. धर्मशास्त्र शोधू नका हे खरं, पण चिन्हं आंधळेपणाने चिकटवली आहेत असं मात्र नाही.

एंजल्सची, म्हणजे मालिकेत माणसांवर चालून येणाऱ्या शत्रूंची, नावंच घ्या. इस्राफेल हे नाव इस्लामी परंपरेतल्या तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं. मालिकेत त्याला हरवायला शिंजी आणि आसुका या रोबो चालवणाऱ्या मुलांना एका गाण्यावर, तालाचा ठोकाही न चुकवता, एकत्र नाचायला शिकावं लागतं. मातारएल पावसाचा. तो कोळ्यासारखा शहरावर उभा राहून डोळ्यांतून खाली आम्ल गाळतो. लेलिएल रात्रीचा, आणि त्याचं खरं शरीर म्हणजे जमिनीवर पसरलेली ती काळी सावली. ताब्रिस, म्हणजे मुलाच्या रूपात येणारा आपला काओरु, गूढविद्येच्या ग्रंथांत स्वेच्छेचा देवदूत मानला जातो, आणि तोच एकटा स्वतःचं मरण स्वतः निवडतो. एवढं जुळवणाऱ्या माणसाने निदान एखादा कोश तरी चाळला असणार.

पण गंमत बघा, यातलं एकही नाव बायबलमध्ये नाही. क्रुसावरच्या त्या पांढऱ्या देहाचं नाव लिलिथ, आणि लिलिथ आदमची पहिली बायको होती ही कथा नंतरच्या ज्यू लोककथांमधली. शिंजीचा बाप जेंडो, त्याच्या खोलीच्या छतावरचा तो वृक्ष कब्बाला या ज्यू गूढविद्येतला. मृत समुद्राची हस्तलिखितं खरी आहेत, 1947 च्या सुमारास कुमरानच्या गुहांत सापडली. त्यातली बरीचशी 1991 पर्यंत मोजक्या अभ्यासकांच्याच हातात होती, त्यामुळे ‘काहीतरी दडवताहेत’ ही कुजबुज तेव्हा जगभर होती. मालिकेतल्या सीले या गुप्त मंडळाच्या हस्तलिखितांची कल्पना त्याच हवेतली असावी. मालिकेतल्या भाल्याला लाँजिनसचं नाव आहे, पण योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या कुशीत भाला खुपसणारा शिपाई निनावीच आहे. नाव नंतरच्या परंपरेने दिलं. म्हणजे बायबल पालथं घातलंत तरी हाती फारसं लागणार नाही.

मागी हा संगणक मला सगळ्यांत आवडतो. मागी म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते किती होते आणि त्यांची नावं काय, हे लिहिलेलंच नाही. मेल्किओर, बाल्थासार आणि कास्पर ही त्रयी मागाहूनची. मालिकेत मागीचे हे तीन भाग म्हणजे तो बनवणाऱ्या नाओको आकागीचे तीन पैलू: शास्त्रज्ञ, आई आणि स्त्री. ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ या चित्रपटात तिची मुलगी रित्सुको सगळं उडवून द्यायला कळ दाबते आणि कास्पर, म्हणजे आईमधली स्त्री, नकार देते. आई मुलीला सोडून प्रियकराच्या, म्हणजे जेंडोच्या, बाजूने उभी राहिली, हे रित्सुकोला संगणकाच्या पडद्यावर कळतं. बेथलेहेमशी याचा संबंध शून्य, आणि तरी प्रसंग जबरदस्त आहे.

आता क्रूस आणि भाला. जपानमध्ये ही जोडी फक्त युरोपीय चित्रांतून आलेली नाही. खांबाला बांधून भाल्यांनी भोसकण्याची शिक्षा तिथे प्रत्यक्ष दिली जायची. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 ख्रिस्ती लोकांना तसंच मारलं, आणि त्यांतले एक वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. तुम्ही वसईचे म्हणता, म्हणजे हे नाव मी तुम्हाला सांगायला नको. पुढे 1614 ला देशभर बंदी आली, लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमा पायाखाली तुडवायला लावून पारखलं गेलं, आणि बंदी उठायला 1873 उजाडलं. आजही तिथे ख्रिस्ती लोक साधारण एक टक्का. मात्र चर्चसारख्या सजवलेल्या हॉलमध्ये लग्न लावणारे बिगरख्रिस्ती जपानी ढिगाने सापडतील. धर्माचं रूप घ्यायचं आणि श्रद्धा बाजूला ठेवायची, ही सवय आन्नोंनी सुरू केलेली नाही.

क्रुसावरचा अजस्र देहही त्यांचा शोध नाही. आन्नो अल्ट्रामॅन या जपानी टीव्हीवरच्या अजस्र महानायकाचे वेडे, विद्यार्थिदशेत त्यांनी स्वतःचा हौशी अल्ट्रामॅन चित्रपटही केला होता. 1968 च्या अल्ट्रासेव्हनमध्ये शत्रू नायकाला क्रुसावर चढवतात. 1972 च्या अल्ट्रामॅन एसमध्ये तर चार अल्ट्राबंधूंना क्रुसावर टांगलंय आणि त्या ग्रहाचं नाव चक्क गोल्गथा, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागेचं! पोरांच्या मालिकांत हे आधीच होऊन गेलेलं. लिलिथकडे बघताना मला व्हॅटिकनपेक्षा हे आधी आठवतं.

मग टिंगल म्हणावी का? टिंगल करायला समोरच्याशी काही देणंघेणं लागतं, ते इथे नाही. एंजल मेल्यावर आकाशात उठणारा ज्वाळेचा क्रूस निव्वळ नेत्रसुख आहे, तिथे अर्थाचा कीस पाडू नका. आईंना काही दाखवायचंच असेल तर शिंजीची वरिष्ठ अधिकारी मिसातो, तिच्या गळ्यातला क्रूस दाखवा. अंटार्क्टिकात तिला वाचवून स्वतः मेलेल्या बापाची ती आठवण. ज्याचा ती आयुष्यभर राग करते, त्याचाच. मरताना ती तोच क्रूस शिंजीच्या हातात देते, आणि शेवटी किनाऱ्यावर तो एका लाकडाला ठोकलेला दिसतो. क्रुसाचा भावनिक उपयोग मालिकेत मनापासून केलाय तो एवढाच.

फेरउजळणी करायची तर 9, 11, 16 आणि 24 हे भाग नावांसाठी, 13 वा मागीसाठी, मिसातोच्या बापासाठी 12 वा. चित्रपट मात्र आईंबरोबर बसून बघू नका. त्याची कारणं धार्मिक नाहीत, तुम्हाला माहीतच आहेत.