पत्र गेले, स्थळप्रत मात्र राहिली नाही

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि कार्यालय

प्रश्न : आमची कापूस आणि तूर उत्पादकांची लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी असून तिचा सगळा पत्रव्यवहार मी पाहते. कंपनीच्या स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता आहे आणि तो कार्यालयातील संगणकावर थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये आयमॅप पद्धतीने जोडलेला आहे. दसऱ्यापर्यंत सगळे सुरळीत होते. कापसाची आवक सुरू झाल्यापासून मात्र पाठवलेली पत्रे ‘सेंट’ फोल्डरमध्ये दिसेनाशी झाली आहेत. पत्र समोरच्याला मिळते, अकोल्याचे व्यापारी फोनवर तसे सांगतात. आमच्याकडे मात्र त्याची प्रत नसते. साधी चार ओळींची पत्रे बहुधा राहतात. नमुन्यांचे फोटो आणि वजनकाट्याच्या पावत्या जोडलेली पत्रे हमखास नसतात. पाठवल्यावर एक छोटी खिडकी बराच वेळ उघडी राहते, मग इंग्रजीत काही सूचना येते आणि आमचा सहायक ती बंद करून टाकतो. गेल्या आठवड्यात एका खरेदीदाराने भावाबद्दलचे आमचे पत्र मिळालेच नाही असे सांगितले आणि आमच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकावा का? गेलेल्या प्रती परत मिळतील का?
— एक वाचिका, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : प्रोग्रॅम काढू नका. थंडरबर्डची पत्रे आणि सेटिंग्ज प्रोग्रॅमपासून वेगळ्या, ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा टाकला तरी जुना दोष जिथल्या तिथे राहतो. आणि साफसफाईच्या नादात कोणी प्रोफाइलच पुसून टाकले, तर आज जे शिल्लक आहे तेही हातचे जाते.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कार्यालयात ज्यांनी जावक नोंदवही सांभाळली आहे, त्यांना या बिघाडाचे मूळ लवकर कळेल. पत्र टपालात टाकणे हे एक काम आणि त्याची स्थळप्रत फाइलला लावणे हे दुसरे काम. कपाट उघडले नाही म्हणून पोस्टमन थांबत नाही. ईमेलमध्ये नेमके हेच घडते. पत्र बाहेर नेण्याचे काम एसएमटीपी हा नियमसंच करतो. जॉन पोस्टेल यांनी तो १९८२ साली लिहिला आणि त्यात ‘पाठवलेली पत्रे’ नावाच्या फोल्डरची कल्पनाच नाही. पत्र पुढच्या सर्व्हरच्या स्वाधीन केले की त्याचे काम संपले. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये प्रत ठेवण्याचे काम आयमॅप या दुसऱ्याच नियमसंचाकडे आहे, ज्याची सुरुवात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली केली. म्हणजे आपण ‘सेंड’ हे एकच बटण दाबले तरी संगणक दोन वेगळ्या वाटांनी दोन वेगळी कामे करतो, आणि पहिले पूर्ण होऊन दुसरे अडकू शकते.

आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील हा की लहान पत्रांची प्रत राहते आणि मोठ्यांची राहत नाही. सेटिंगमध्ये चूक असती तर तिने लहान-मोठे पाहिले नसते. त्यामुळे माझा संशय दोनच गोष्टींवर येतो.

पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेटची अशक्त लाइन. ईमेलला जोडलेली फाइल जाताना अक्षरांच्या रूपात बदलावी लागते आणि त्यात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सहा एमबीचे फोटो जोडले तर पत्र सुमारे आठ एमबीचे होते. हे आठ एमबी एकदा खरेदीदाराकडे जाण्यासाठी चढवले जातात आणि मग तेच आठ एमबी स्थळप्रतीसाठी सर्व्हरवर पुन्हा चढवले जातात. आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल आणि वर चढवण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट (म्हणजे एमबीचा आठवा भाग) मिळत असेल, तर प्रत्येक खेपेला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पहिली खेप पार पडते. दुसऱ्या खेपेच्या मध्येच सिग्नल तुटतो किंवा लाइन जाते. आपल्या पत्रातली ती बराच वेळ उघडी राहणारी खिडकी म्हणजे बहुधा ही दुसरी खेप होय.

दुसरी गोष्ट म्हणजे भरत आलेली टपालपेटी. स्वतःच्या नावाचा पत्ता पुरवणाऱ्या स्वस्त योजनांमध्ये प्रत्येक पत्त्याला ठरावीकच जागा मिळते आणि हंगामात फोटोंनी ती झपाट्याने भरते. जवळपास भरलेल्या चुंगडीत मूठभर धान्य मावते, पायली मावत नाही. तसेच इथेही चार ओळींचे पत्र शिरते आणि आठ एमबीचे नाकारले जाते. बाहेर जाणारे पत्र या पेटीत ठेवायचे नसल्यामुळे ते मात्र बिनदिक्कत जाते.

यांपैकी कोणती गोष्ट खरी आहे हे आपण दहा मिनिटांत ठरवू शकता. थंडरबर्डमध्ये ‘इनबॉक्स’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘कोटा’ या पानावर किती जागा वापरली गेली ते पाहा. तिथे आकडा दिसत नसेल तर सेवा पुरवणाऱ्याच्या वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या टपालपेटीत, तो पाहता येतो. जागा मोकळी असेल तर संशय लाइनवर जातो. मग फोटो जोडलेले एक पत्र स्वतःच्याच पत्त्यावर, लाइन चांगली असेल अशा वेळी, पहाटे किंवा चांगल्या जोडणीच्या ठिकाणी संगणक नेऊन पाठवून पाहा. तिथे प्रत राहिली तर निदान पक्के झाले.

आता त्या सूचनेबद्दल, जी आपला सहायक बंद करतो. पत्र गेले आहे, पण नेटवर्क किंवा फाइलच्या अडचणीमुळे प्रत ‘सेंट’मध्ये ठेवता आली नाही, अशा अर्थाचा तो मजकूर असतो आणि त्याखाली पुन्हा प्रयत्न करण्याचा किंवा प्रत संगणकावरच, ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, ठेवण्याचा पर्याय असतो. खिडकी नुसती बंद केली की प्रत कायमची जाते. सहायकाला बोल लावू नये, कारण घाईच्या वेळी इंग्रजी मजकुराची खिडकी बंद करणे ही कोणाचीही पहिली हालचाल असते. पण त्या दोन बटणांचा अर्थ मराठीत लिहून तो कागद संगणकाच्या पडद्याशेजारी चिकटवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ‘सेंट’ने सुरू होणाऱ्या नावाचे फोल्डर आहे का, हे आजच पाहा. एखाद्या वेळी सहायकाने चुकून योग्य बटण दाबले असेल तर ती पत्रे तिथे सापडतील.

लाइनचाच दोष ठरला तर तिन्ही बाजूंनी इलाज करता येतो. फोटो लहान करून जोडा. कापसाचा नमुना दाखवायला पाचशे केबीचा फोटो पुरतो. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये आपल्या पत्त्याखाली ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ हे पान आहे; तिथे ‘प्लेस अ कॉपी इन’ याखाली ‘अदर’ निवडून ‘लोकल फोल्डर्स’मधील ‘सेंट’ दाखवून द्या, म्हणजे दुसरी खेप बंद होऊन प्रत थेट आपल्याच डिस्कवर पडेल. मात्र मग ती प्रत वेबमेलमध्ये किंवा मोबाइलवर दिसणार नाही आणि डिस्कचा बॅकअप घेणे ही आपली जबाबदारी होईल. त्याच पानावर प्रत्येक पत्राची गुप्त प्रत एखाद्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याची सोय आहे. कंपनीसाठी एक वेगळा पत्ता काढून तो तिथे भरावा असे मला वाटते, कारण ही प्रत पत्रासोबत पहिल्याच खेपेत निघते आणि दुसऱ्या खेपेवर अवलंबून राहत नाही.

जागा भरली असेल तर जुन्या हंगामांची पत्रे ओढून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये न्या, ती तिथे उघडतात याची खात्री करा, आणि मग सर्व्हरवरच्या ‘ट्रॅश’ फोल्डरचीही सफाई करा. तेही जागा खाते.

डिस्कवर प्रती ठेवणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगच्या कार्यालयात मी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो. तिथे जोडणी उत्तम होती, सेटिंग बरोबर होते, तरीही एकही प्रत राहत नव्हती. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाची, पुढे कोणतेही शेपूट (नावातील टिंबानंतरची अक्षरे) नसलेली फाइल पाहिली, तर तिचा आकार ३.९९ जीबी होता. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहीत जातो, आणि त्या कार्यालयातील डिस्कचा तो भाग फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला होता, ज्यात कोणतीही एक फाइल चार जीबीपलीकडे वाढू शकत नाही. विशेष म्हणजे त्यातली कितीतरी पत्रे दिवाणजींनी पूर्वीच पुसली होती. पण पुसलेले पत्र नजरेआड होते, फाइलमधून जात नाही. ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिल्याखेरीज ती जागा सुटत नाही. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग तिथे बसून कॉम्पॅक्ट केले, वर्षावार फोल्डर पाडले आणि पत्रे पुन्हा साठू लागली. ‘सेंट’ फाइलशेजारी ‘सेंट.एमएसएफ’ अशी छोटी फाइल असते, ती केवळ अनुक्रमणिका आहे. ती बिघडली तर असलेली पत्रेही दिसत नाहीत. अशा वेळी फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ वापरावे. शेपूट नसलेल्या फाइलला मात्र कोणीही हात लावू नये, कारण खरी पत्रे तिच्यातच असतात.

ज्यांची लहान-मोठी सगळीच पत्रे राहत नाहीत, त्यांनी ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ हेच पान आधी पाहावे. जुने खाते काढून नवे जोडले असेल तर प्रत ठेवण्याचा पत्ता कधी कधी काढून टाकलेल्या खात्याकडेच राहतो. फक्त उत्तरेच गायब असतील तर उत्तराची प्रत मूळ पत्राच्या फोल्डरमध्ये ठेवण्याच्या चौकटीत खूण झाली असेल. ती पत्रे इनबॉक्समध्ये सापडतात. ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ अशी दोन फोल्डरे असतील तर दोन्ही उघडून पाहावीत.

गेलेल्या प्रतींबद्दल स्पष्ट सांगतो : जी प्रत कुठेच लिहिली गेली नाही, ती कोणत्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. पण पत्र समोरच्याकडे आहे. ज्या व्यापाऱ्यांशी संबंध चांगले आहेत, त्यांना ती पत्रे ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ या पद्धतीने परत पाठवायला सांगा. या पद्धतीत तारीख, वेळ आणि पत्राचा ओळखक्रमांक मूळचाच राहतो. ज्या खरेदीदाराशी वाद आहे, त्याच्या बाबतीत आपल्या सेवा पुरवठादाराला तारीख आणि पत्ता कळवून पाठवणीच्या नोंदी लेखी मागा, आणि लवकर मागा, कारण अशा नोंदी सर्व्हरवर मर्यादित काळच ठेवल्या जातात.

कायद्याचा विचार करता, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरले नसेल तर, ईमेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणक यंत्रणेत शिरताच ते रवाना झाले असे मानले जाते. आपल्या फोल्डरमध्ये प्रत नाही म्हणून पत्र पाठवलेच नाही असे ठरत नाही. सिद्ध करण्याचा प्रश्न मात्र उरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली ईमेलची छापील प्रत न्यायालयात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रकरण तिथवर जाण्याची चिन्हे असतील तर वकिलांना आत्ताच भेटा आणि तोवर त्या संगणकावरचे काहीही पुसू नका.

प्रश्न : शाळेच्या पत्त्यावरून मी मोबाइलवर पाठवलेली पत्रे कार्यालयाच्या संगणकावर दिसत नाहीत आणि संगणकावरून पाठवलेली मोबाइलवर दिसत नाहीत. पाठवताना कोणतीही चूक दाखवली जात नाही.
— एक शिक्षक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आपले खाते पॉप पद्धतीने जोडलेले असावे. ही पद्धत फक्त आलेली पत्रे उतरवून आणते. पाठवलेल्या पत्राची प्रत ज्या यंत्रावरून ते पाठवले तिथेच राहते. खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये पोर्ट ९९५ दिसत असेल तर ते पॉप, ९९३ असेल तर आयमॅप. पॉपचे खाते काढू नका. तेच खाते आयमॅप पद्धतीने शेजारी नव्याने जोडा आणि संगणकावरच्या जुन्या ‘सेंट’मधील पत्रे नव्या खात्याच्या ‘सेंट’मध्ये कॉपी करा. हे काम म्हणजे प्रत्येक पत्र सर्व्हरवर चढवणे असल्यामुळे आपल्याकडच्या लाइनवर एका वेळी पन्नासच पत्रे घ्यावीत, प्रत्येक खेपेनंतर वेबमेलमध्ये संख्या मोजावी, आणि शेवटची खेप जुळेपर्यंत जुने खाते जसेच्या तसे ठेवावे.