देवाच्या कामात रजा मागितली तर पाप लागतं का?

धार्मिक संस्थांत नोकरी करणारी माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा पगार आणि रजेचा विषय फार उशिरा निघतो. आधी निघतो तो अपराधीपणा. "देवाच्या कामात कसला हिशेब मागायचा?" हा प्रश्न मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे, की एकदा त्यावर सविस्तर लिहायलाच हवं होतं. खालच्या अनुभवात ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. संस्था कुठल्या धर्माची हेही सांगत नाही, कारण हे सगळीकडे घडतं.

चाळिशीतल्या या बाई एका धार्मिक न्यासाच्या यात्रेकरू निवासाचं काम बघायच्या. खोल्या देणं, नोंदवही, सफाईची माणसं, रोजचा भरणा, सगळं त्यांच्याकडे. राहायला न्यासाचीच खोली, त्यामुळे रात्री-अपरात्री कोणी दार वाजवलं की उठायचं. आठवड्याची सुट्टी कागदावरही नव्हती, कारण नेमणुकीचा कागदच नव्हता.

पहिल्या भेटीत यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "ताई, माझी श्रद्धाच आटली. हात जोडते, पण आत काही हलत नाही. लोक इतक्या लांबून भावाने येतात आणि मला त्यांचा राग येतो." व्यवस्थापकांकडे मन मोकळं केलं, तर उत्तर मिळालं होतं, "परीक्षा चालू आहे तुमची. आणखी सेवा करा."

मी विचारलं, असं नेहमी होतं की ठरावीक ठिकाणी? त्या थांबल्या. मग आठवलं, मधे बहिणीच्या आजारपणात तिच्याकडे राहिल्या होत्या. तिथे पहाटे प्रार्थनेला बसल्या आणि कितीतरी वेळ उठावंसंच वाटलं नाही. न्यासाच्या आवारात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तो कोरडेपणा.

माझ्या दृष्टीने हा धागा फार मोलाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट' ही कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवली आहे, आजार म्हणून नाही. तिची तीन लक्षणं: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही ही भावना. या बाईंमध्ये तिन्ही होती. पण काम देवाचं असल्यामुळे त्यांनी थकव्याला अश्रद्धा समजून स्वतःला दोषी ठरवलं होतं. त्यावर उपाय म्हणून त्या आणखी राबत होत्या, म्हणजे आणखी थकत होत्या.

अशा ठिकाणी बोलणं इतकं जड का जातं, हेही समजून घ्यायला हवं. इतर नोकरीत साहेबाशी बिनसलं तर माणूस घरी येऊन शेजारणीशी बोलतो. इथे साहेब, शेजार, डोक्यावरचं छप्पर आणि प्रार्थनेची जागा एकाच आवारात. एक तक्रार केली तर सगळंच जाईल ही भीती खोटी नसते. म्हणून आम्ही आधी आवाराबाहेरचं एक माणूस पक्कं केलं, त्यांची बहीण. दर आठवड्याला तिच्याशी बोलायचं. आणि उशाशी एक वही ठेवायची, रात्री उठावं लागलं की फक्त वेळ आणि कारण लिहायचं.

ती वही त्यांनी माझ्यासमोर उघडली तेव्हा मीही गप्प झाले. 'पावणेदोन, किल्ली हरवली. सव्वातीन, पाणी नाही. पाच, गाडी आली.' पानामागून पान असंच. त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं मी आळशी झालेय."

मग कायद्याचा विषय निघाला. "धार्मिक ठिकाणी कायदे लागत नाहीत" हे त्यांना कोणीतरी ठासून सांगितलं होतं. ते खरं नाही. संविधानाचा अनुच्छेद 26 धार्मिक बाबतीत संप्रदायांना स्वातंत्र्य देतो, पण मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच करायला सांगतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात व्यवसायाचं किंवा त्याला जोडून असलेलं काम करणारा धर्मादाय न्यासही 'आस्थापना' ठरू शकतो, मग नफा असो वा नसो. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असले की आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट दर लागू होतो. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तर अगदी स्पष्ट आहे. त्यात न्यास हे कामाचं ठिकाण आहे आणि विनावेतन स्वेच्छेने काम करणारी बाईसुद्धा कर्मचारी आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. या बाईंना त्याची गरज नव्हती, पण वाचणाऱ्या एखादीला असू शकते.

सगळंच इतकं सरळ मात्र नाही. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्यात कामगार कायद्यातल्या 'उद्योग' शब्दाचा, म्हणजे तो कायदा कुठल्या ठिकाणांना लागतो याचा, अर्थ खूप व्यापक केला. निव्वळ आध्यात्मिक काम वगळलं, पण मोठ्या प्रमाणावर प्रसाद बनवणं त्यात धरलं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र मुख्यतः धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांना त्या व्याख्येबाहेर ठेवलं. त्यामुळे कामावरून काढण्यासारखा प्रसंग आला तर कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नये. समुपदेशकाच्या सल्ल्यावर तर नाहीच नाही.

त्यांनी विश्वस्तांना एक पानी पत्र लिहिलं. त्यात आरोप नव्हता. वहीतल्या नोंदी जोडल्या आणि तीन गोष्टी मागितल्या: नेमणूकपत्र, आठवड्याची एक सुट्टी, रात्रीच्या कामाची पाळी. पत्राची पोच घ्यायला मी आग्रहाने सांगितलं. पत्र द्यायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला, "देव रागावणार नाही ना?" मी म्हटलं, हा प्रश्न तुम्ही त्यालाच विचारा, आणि बहिणीकडे बसला होतात तसं बसून विचारा.

सुट्टी मिळाली. रात्रीसाठी आणखी एक माणूस आला. व्यवस्थापकांनी बरेच दिवस बोलणं टाकलं, आणि ते त्यांना फार लागलं. त्यासाठीही आम्ही भेटत राहिलो. नेमणूकपत्र अजून मिळालेलं नाही. मागच्या जादा कामाचे पैसे मागायचे की नाही, हे त्या वकिलाशी बोलून ठरवणार आहेत.

यातलं काही तुमच्या बाबतीत घडत असेल आणि झोप, भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर रजेच्या अर्जाआधी 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, बोला. हा फोन विनामूल्य आहे.