सकाळी गाडी धरत नाही

प्रश्न : मी चांदणी चौकाजवळ राहते. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्जिंगला असते. सकाळी कोथरूडकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी धरत नाही, नुसती घरंगळत जाते. संध्याकाळी मात्र सोडल्या सोडल्या मागून कुणी ओढल्यासारखी मंदावते. शोरूमवाले म्हणतात, 'नॉर्मल आहे.' खरंच?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, शोरूमवाले खोटं बोलले नाहीत. समजावून सांगायचा कंटाळा केला, एवढंच.

मी नाना पेठेत वीसेक वर्षं विजेच्या मोटारी रिवाइंड करतोय, म्हणजे त्यांच्या जळलेल्या तारा नव्याने गुंडाळतोय. हल्ली स्कूटरच्या हब मोटारीही (चाकातच बसवलेल्या) येतात. तिच्या तीन जाड वायरी सुट्या असताना चाक हाताने गरागरा फिरतं. त्याच वायरींची टोकं एकमेकींना जोडली की चाक काकवीत बुडाल्यासारखं जड होतं. ब्रेक कुठेच नाही! चाकातले चुंबक फिरले की वाइंडिंगमध्ये वीज तयार होते, आणि तिला वाट मिळाली की ती चाकालाच अडवते. (कंट्रोलर, म्हणजे बॅटरी नि मोटारीमधली वीज सांभाळणारा डबा, जोडलेला असताना हा उद्योग करू नका, जळेल.)

एरवी व्यवहार उलटा. घरातली २३० व्होल्टची एसी चार्जर डीसी करून बॅटरीत भरतो. चालवताना कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत तिची पुन्हा तीन फेजची एसी करतो. उतारावर तोच कंट्रोलर मोटारीतून आलेली वीज डीसी करून, व्होल्टेज चढवून बॅटरीत ढकलतो.

पण सकाळी बॅटरी शंभर टक्के भरलेली. लिथियम-आयनचे बरेचसे सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचे नसतात. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, 'नको' म्हणतो, कंट्रोलर हात आखडता घेतो आणि चाक मोकळं सुटतं. चार्जिंगचे शेवटचे काही टक्के रेंगाळतात, तेही याच कारणाने.

वाया गेलेल्या विजेची हळहळ नको. गाडी नि तुम्ही मिळून १८० किलो धरू. शंभर मीटर खाली उतरलात तरी हिशेब ०.०५ युनिटचा, आणि तोही पुरता हाती लागत नाही. पेट्रोल वाचवायला जुनी चेतक न्यूट्रलवर टाकून घाट उतरणाऱ्यांतला मी, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही म्हणा!

काळजी ब्रेकची घ्या. सकाळी दोन्ही ब्रेक लावत उतरा, आणि मागचे ब्रेक शू एकदा उघडून बघायला सांगा. चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवून पाहा, पहिल्याच उताराला गाडी धरू लागेल.